वाचकांचे प्रश्न : बर्मिंगहॅमचं बेसबॉल, आणि यातली 'मायनर' टीम नेमकी कुठली?

या वेळी बेसबॉलवर प्रश्नांचा ढीग आलाय आणि त्यातले निम्मे एकाच शहराबद्दल आहेत, बर्मिंगहॅम. इंग्लंडमधलं नव्हे हां, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं. म्हटलं चला, या अंकात दुसरं काहीच नको, हेच घेऊ, कारण हा विषय मला खरंच जवळचा आहे आणि तीन ओळीत उरकण्यासारखा अजिबात नाही.

प्रश्न : मायकेल जॉर्डन बास्केटबॉल सोडून बर्मिंगहॅममध्ये बेसबॉल खेळायला गेला होता हे खरं का? आणि एवढा मोठा माणूस मायनर लीगमध्ये कशाला गेला?

अगदी खरं आहे. १९९४ चा सीझन तो बर्मिंगहॅम बॅरन्सकडून खेळला. जुलै १९९३ मध्ये त्याच्या वडिलांचा खून झाला, ऑक्टोबरमध्ये त्याने बास्केटबॉलमधून रिटायरमेंट जाहीर केली, आणि मुलाने बेसबॉल खेळावं ही वडिलांची जुनी इच्छा होती असं तो सांगायचा. शिकागो बुल्स आणि शिकागो व्हाइट सॉक्स या दोन्ही टीम्सचे मालक एकच, जेरी राइन्सडॉर्फ, त्यामुळे संधी मिळाली. आणि व्हाइट सॉक्सची डबल-ए लेव्हलची (मायनर लीगमधली वरून दुसरी पायरी) टीम म्हणजे बर्मिंगहॅम, म्हणून तो तिथे.

आकडे सगळे विचारतात म्हणून देतो. १२७ मॅच, बॅटिंग ॲव्हरेज .२०२ (म्हणजे साधारण पाचात एक हिट), होमरन ३, रन बॅटेड इन (त्याच्या बॅटिंगमुळे आलेले रन) ५१, चोरलेले बेस ३०, स्ट्राइकआउट ११४. लोक .२०२ वर हसतात, मला नाही हसू येत. शाळा सुटल्यावर ज्याने हा खेळ नीट खेळलाच नव्हता तो ३१ वर्षांचा माणूस थेट डबल-ए च्या पिचर्ससमोर उभा राहतो आणि ५१ रन आणतो, ही साधी गोष्ट नाहीये. डबल-ए पर्यंत पोचायला चांगली चांगली पोरं तीन-तीन चार-चार वर्षं घासतात. त्याचा मॅनेजर होता टेरी फ्रँकोना, ज्याने पुढे बॉस्टन रेड सॉक्सला २००४ आणि २००७ ची वर्ल्ड सीरिज जिंकून दिली. त्या एका सीझनमध्ये बॅरन्सच्या मैदानावर साडेचार लाखांहून जास्त लोक आले. पुढे मेजर लीगचा संप लांबला आणि मार्च १९९५ मध्ये तो परत बास्केटबॉलकडे गेला.

पण खरं सांगू का, बर्मिंगहॅमच्या बेसबॉलमध्ये जॉर्डन हा छोटा चॅप्टर आहे. बाकीचे प्रश्न वाचा म्हणजे कळेल.

प्रश्न : मायनर लीग म्हणजे आपल्या रणजीसारखं काही असतं का?

लोक तसं समजतात पण फरक आहे. रणजीत मुंबईची टीम ही मुंबईचीच असते. मायनर लीगमध्ये टीमला नाव शहराचं, मैदान शहरात, प्रेक्षक गावचे, पण खेळाडूचं कॉन्ट्रॅक्ट वरच्या मेजर लीग क्लबशी असतं, म्हणजे तुमचा लाडका पिचर आज सकाळी फोन आला की संध्याकाळी दुसऱ्या शहरात. पहिल्यापासून असं नव्हतं. सुरुवातीला या टीम्स बऱ्याचशा स्वतंत्र होत्या, खेळाडू घडवायचे आणि वरच्या क्लबला विकून पैसे कमवायचे. १९२० च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी खालच्या टीम्स स्वतःच ताब्यात घ्यायला सुरुवात केली, त्याला फार्म सिस्टिम म्हणतात, आणि मग हळूहळू सगळेच त्या वाटेने गेले. आज एकूण १२० टीम्स आहेत, ३० मेजर क्लब आणि प्रत्येकाच्या ४, ही रचना २०२१ पासूनची. बर्मिंगहॅम आहे डबल-ए, म्हणजे वरून दुसरी पायरी.

प्रश्न : अमेरिकेतलं सगळ्यात जुनं प्रोफेशनल बेसबॉल मैदान न्यूयॉर्क, बॉस्टनमध्ये नसून बर्मिंगहॅममध्ये आहे असं ऐकलं. कसं काय?

बरोबर ऐकलंत. रिकवूड फील्ड. १८ ऑगस्ट १९१० ला उघडलं, बॉस्टनच्या फेनवे पार्कच्या पावणेदोन वर्षं आधी.

हे शहरच मुळात १८७१ मध्ये वसलं, कारण लोखंडाचं खनिज, कोळसा आणि चुनखडी तिन्ही तिथे जवळजवळ सापडतात, आणि भट्टीला हेच तीन लागतात. मग कारखाने, खाणी, बाहेरून आलेले हजारो मजूर, आणि रविवार घालवायला बेसबॉल. प्रत्येक कंपनीची टीम असायची, पाइप बनवणाऱ्या कारखान्याची वेगळी, पोलाद बनवणाऱ्याची वेगळी, आणि त्यातही गोऱ्या कामगारांची एक आणि कृष्णवर्णीय कामगारांची दुसरी. चांगला खेळणाऱ्याला कारखान्यात जरा बरं काम मिळायचं. या इंडस्ट्रियल लीगबद्दल फारसं कोणी बोलत नाही पण पुढे जे महान खेळाडू या शहरातून निघाले त्यांचं मूळ तिथे आहे.

तर मैदान. रिक वुडवर्ड नावाचा तरुण, घरचा लोखंडाचा धंदा, त्याने शहराची टीम विकत घेतली, तिचं तेव्हाचं नाव कोल बॅरन्स, आणि लाकडी स्टँडच्या जमान्यात काँक्रीट आणि पोलादाचं मैदान बांधलं, स्वतःच्या नावावरून रिकवूड म्हटलं. पहिल्या मॅचला दहा हजारांच्या वर लोक आले आणि बॅरन्सने माँटगोमेरीला ३-२ ने हरवलं. १९३१ ची डिक्सी सीरिज, म्हणजे दक्षिणेतल्या दोन मायनर लीगच्या विजेत्यांमधली लढत, पण इथली गाजलेली. बॅरन्सचा ४३ वर्षांचा रे कॉल्डवेल विरुद्ध ह्यूस्टनचा २१ वर्षांचा डिझी डीन, जो त्या वेळी आग ओकत होता, आणि म्हाताऱ्याने पोराला १-० ने हरवलं! वीस हजार लोक होते त्या दिवशी, जेव्हा बसायची जागा त्याच्या निम्मी होती.

प्रश्न : ब्लॅक बॅरन्स ही बॅरन्सचीच दुसरी टीम होती का? विली मेज तिकडूनच आला का?

आता आपण मुद्द्यावर आलो. हे उत्तर लांबणार.

नाही, ब्लॅक बॅरन्स ही पूर्ण वेगळी टीम. मालक वेगळे, लीग वेगळी, फक्त मैदान तेच रिकवूड आणि तेही भाड्याने. गोरे बॅरन्स बाहेरगावी दौऱ्यावर गेले की त्या आठवड्यात मैदान ब्लॅक बॅरन्सला मिळायचं. गोऱ्यांच्या मॅचला कृष्णवर्णीय प्रेक्षकांना लांब उजव्या कोपऱ्यातल्या उघड्या बाकांवर बसवायचे, आणि ब्लॅक बॅरन्सच्या मॅचला गोरे लोक यायचे तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा भाग राखून ठेवायचे. म्हणजे मैदान एक, खेळ एक, आणि मध्ये दोरी.

टीम १९२० पासूनची. १९२७ ते १९३० सॅचेल पेज इथे पिचिंग करायचा, तोच पेज जो पुढे चाळिशी उलटल्यावर मेजर लीगमध्ये गेला आणि तिथेही लोकांना चकवत राहिला. त्याच्याआधी म्यूल सटल्स, त्या काळातला जबरदस्त पॉवर हिटर. १९४३, १९४४ आणि १९४८ असं तीनदा ब्लॅक बॅरन्सने निग्रो अमेरिकन लीग (मेजर लीगची दारं बंद असलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगपैकी एक) जिंकली आणि तिन्ही वेळा निग्रो लीगच्या वर्ल्ड सीरिजमध्ये समोर होमस्टेड ग्रेज, आणि तिन्ही वेळा हरले. पण १९४३ ला सातव्या मॅचपर्यंत नेलं होतं, हे विसरायचं नाही.

१९४८ ची टीम मला सगळ्यात आवडते. प्लेयर-मॅनेजर पायपर डेव्हिस, कारखान्याच्या टीममधून वर आलेला, कुठल्याही जागेवर खेळणारा, शांत डोक्याचा माणूस. त्याने शेजारच्या फेअरफील्डमधला १७ वर्षांचा एक मुलगा टीममध्ये घेतला. मुलाचे वडील कारखान्याच्या टीममध्ये खेळायचे, चपळाईमुळे त्यांना कॅट म्हणायचे, डेव्हिसच्या ओळखीचे होते. मुलगा अजून हायस्कूलमध्ये, म्हणून शाळा चालू असताना फक्त सुट्टीच्या दिवशी खेळायचा. तो विली मेज, पुढे बेसबॉलमधल्या सर्वात महान खेळाडूंपैकी एक ठरलेला. डेव्हिसने त्याला कर्व्ह बॉल खेळायला शिकवलं, पिचरने अंगावर टाकला तरी घाबरायचं नाही हे शिकवलं. त्या वर्षीच्या वर्ल्ड सीरिजमध्ये ब्लॅक बॅरन्स एकच मॅच जिंकले, तिसरी, आणि त्यात नवव्या इनिंगला विनिंग रन आणणारा हिट या पोराचा होता. ती निग्रो लीगची शेवटची वर्ल्ड सीरिज ठरली.

आता यातली चीड आणणारी गोष्ट सांगतो. १९४८ ते १९५२ गोरे बॅरन्स हे बॉस्टन रेड सॉक्सच्या फार्म सिस्टिममध्ये होते. म्हणजे ज्या मैदानावर मेज खेळत होता तिथे रेड सॉक्सचं कायम येणंजाणं, त्यांच्या स्काउटने मुलगा बघितला, घ्या म्हणून वर कळवलंसुद्धा, आणि क्लबने घेतला नाही. १९५० मध्ये त्यांनी पायपर डेव्हिसला घेतलं, क्लबने साइन केलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, खालच्या टीमला पाठवलं, तो चांगला खेळत होता तरी काही आठवड्यांत सोडून दिलं. आणि मेजला त्याच वर्षी न्यूयॉर्क जायंट्सने नेलं. पुढच्या वर्षी तो मिनिआपोलिसला ३५ मॅचमध्ये .४७७ मारत होता, मे महिन्यात त्याला वर बोलावलं, आणि तिथून पुढे ६६० होमरन. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवला १९५९ मध्ये, सगळ्या मेजर क्लब्समध्ये शेवटचे. रेड सॉक्सचा महान बॅटर टेड विल्यम्स आणि विली मेज एका आउटफील्डमध्ये, विचार करा. हातातलं सोनं नुसत्या कातडीच्या रंगापायी सोडलं.

आणि डेव्हिसचं काय? त्याला मेजर लीगची एकही मॅच मिळाली नाही. मेजचं नाव घेताना त्याचं नाव घ्यायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता माझ्या शीर्षकातला प्रश्न. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने जाहीर केलं की १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीग या मेजर लीगच होत्या, तशी नोंद होणार. मे २०२४ मध्ये आकडे प्रत्यक्ष रेकॉर्डमध्ये मिसळले, मेजचे हिट ३,२८३ होते ते ३,२९३ झाले, ते वरचे दहा १९४८ चे, ब्लॅक बॅरन्सकडून मारलेले. म्हणजे बघा, ज्या टीमला शहर आपली मुख्य टीम समजायचं, पेपरात मोठी बातमी जिची यायची, ती कायम मायनर लीगच होती. आणि जी तिच्या रिकाम्या आठवड्यांत भाडं देऊन खेळायची ती त्यातली कित्येक वर्षं मेजर लीगची होती. 'बर्मिंगहॅमच्या मायनर लीगचा इतिहास' असं म्हणून ब्लॅक बॅरन्सला त्यात तळटीप म्हणून टाकणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते यासाठी.

प्रश्न : रेकॉर्ड बघताना दिसलं की १९६२ आणि १९६३ मध्ये बर्मिंगहॅमला टीमच नव्हती. पैसे संपले होते का?

पैशाचा प्रश्न होता पण तो सगळीकडेच होता. १९४९ मध्ये अमेरिकेत ५९ मायनर लीग चालू होत्या, मग टीव्ही आला, घरबसल्या मेजर लीगच्या मॅच दिसायला लागल्या, आणि साठचं दशक सुरू होईपर्यंत त्यातल्या बहुतेक बंद पडल्या होत्या. बर्मिंगहॅमची गोष्ट मात्र निव्वळ पैशाची नाहीये.

शहराचा कायदाच होता की गोऱ्या आणि कृष्णवर्णीय माणसांनी एकत्र कुठलाही खेळ खेळायचा नाही, पत्ते नाही, सोंगट्या नाही, बेसबॉल तर नाहीच नाही. १९५३ मध्ये जॅकी रॉबिन्सन (आधुनिक काळात मेजर लीगमध्ये उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू) आपली मिश्र टीम घेऊन आला तर गोऱ्या खेळाडूंना बाहेर बसवावं लागलं. जानेवारी १९५४ मध्ये सिटी कमिशनने बेसबॉल आणि फुटबॉलपुरती बंदी उठवली, तर जूनमध्ये मतदान घेऊन गोऱ्या मतदारांनी मोठ्या फरकाने ती परत आणली. मतदान करून! आणि हे सगळं राबवणारा पब्लिक सेफ्टी कमिशनर बुल कॉनर, ज्याने १९६३ मध्ये शाळकरी मुलांच्या मोर्चावर पोलिसी कुत्रे आणि पाण्याचे पाइप सोडले, तो माणूस आधी कोण होता माहितीये? बॅरन्सचा रेडिओ अनाउन्सर. तारेने स्कोअर यायचा आणि हा स्टुडिओत बसून समोर मॅच बघतोय अशा थाटात कॉमेंट्री करायचा, त्या आवाजावर लोकप्रिय झाला, आणि त्या लोकप्रियतेवर निवडून आला.

बॅरन्स ज्या लीगमध्ये खेळायचे ती सदर्न असोसिएशन. तिच्या साठ वर्षांच्या इतिहासात फक्त एक कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला, अटलांटाचा नॅट पीपल्स, १९५४ मध्ये, दोन मॅच, मग खाली पाठवून दिला. वरचे मेजर क्लब तोपर्यंत मिश्र झाले होते, त्यांना आपले चांगले तरुण खेळाडू अशा लीगमध्ये पाठवता येईनात, कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी बहिष्कार टाकला, तिकीटविक्री घसरली, आणि १९६१ च्या सीझननंतर लीग बंद. तेवढ्यात फेडरल कोर्टाने शहराला सांगितलं की सार्वजनिक पार्क सगळ्यांना खुले करा. शहराने काय केलं? साठहून जास्त पार्क, मैदानं, पोहण्याचे तलाव सगळं कुलूप लावून बंद केलं, गोऱ्यांनाही आणि कृष्णवर्णीयांनाही. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, याहून चांगलं उदाहरण मी तरी वाचलेलं नाही. ब्लॅक बॅरन्सचे चांगले खेळाडू तोपर्यंत वरच्या क्लब्सनी नेले होते, तीही टीम याच सुमारास संपली. दोन टीम्सचं शहर, आणि रिकवूड ओस.

मग १९६४. सप्टेंबर १९६३ मध्ये सोळाव्या स्ट्रीटवरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या होत्या, त्याला पुरते आठ महिने पण झाले नव्हते, आणि एप्रिलमध्ये बॅरन्स परत आले, सदर्न लीगमध्ये, मिश्र टीम घेऊन. मालक अल्बर्ट बेल्चर, वरचा क्लब कॅन्सस सिटी ॲथलेटिक्स, ज्याचा मालक चार्ली फिनली हा जन्माने बर्मिंगहॅमचाच. अलाबामातली ही पहिली मिश्र प्रोफेशनल टीम. सिव्हिल राइट्स ॲक्टवर सही जुलैमध्ये झाली, म्हणजे हे लोक त्याच्या आधी एका बसमधून दक्षिणेतल्या गावांमधून फिरत होते. काय होईल याची सगळ्यांना धास्ती, धमक्या होत्याच, पण मैदानावर दंगा झाला नाही, लोक मॅच बघत राहिले. क्युबाचा बर्ट कॅम्पानेरिस याच टीममधून जुलैमध्ये वर गेला आणि मेजर लीगच्या पहिल्याच मॅचमध्ये दोन होमरन मारले.

मैदानाबाहेर मात्र शहर इतक्यात बदललं नव्हतं. १९६७ मध्ये टीमचं नाव बर्मिंगहॅम ए'ज, आणि तिच्यात २१ वर्षांचा रेजी जॅक्सन. हॉटेलात खोली नाही, रेस्टॉरंटमध्ये जेवण नाही, टीममधल्या जो रूडीच्या घरी सोफ्यावर कित्येक रात्री झोपायचा. मॅनेजर जॉन मॅकनमारा म्हणायचा की जिथे रेजीला वाढत नाहीत तिथे टीम जेवणार नाही. त्या टीमने लीग जिंकली, आणि जॅक्सन, रूडी, रॉली फिंगर्स ही तिथली पोरं पुढे १९७२ ते १९७४ सलग तीन वर्ल्ड सीरिज जिंकणाऱ्या ओकलंडचा (कॅन्सस सिटीचा क्लब १९६८ मध्ये तिकडे हलला होता) कणा झाली.

प्रश्न : २०२४ मध्ये रिकवूडवर मेजर लीगची मॅच झाली ना? तिच्याबद्दल लिहा.

हो, २० जून २०२४, मेजचा जुना क्लब जायंट्स (आता सॅन फ्रान्सिस्कोचा) विरुद्ध कार्डिनल्स, मेजच्या सन्मानार्थ ठरवलेली. मॅचच्या दोन दिवस आधी, १८ तारखेला, मेज वयाच्या ९३ व्या वर्षी गेला. बातमी आली तेव्हा रिकवूडवर बॅरन्सची मॅच चालू होती, तिथेच जाहीर झालं आणि लोक उभे राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होते. २० तारखेला पहिला बॉल टाकला ९९ वर्षांच्या बिल ग्रीसन यांनी, १९४८ च्या त्याच ब्लॅक बॅरन्सचे पिचर, आधी मरीन म्हणून इवो जिमाच्या लढाईत होते आणि नंतर बर्मिंगहॅममध्येच पास्टर झाले. सगळेच्या सगळे अंपायर कृष्णवर्णीय असलेली मेजर लीगमधली ही पहिली मॅच. कार्डिनल्स ६-५ ने जिंकले. आणि रेजी जॅक्सनला टीव्हीवर विचारलं, इथे परत येऊन कसं वाटतं, तर त्याने गोड गोड काही न बोलता १९६७ मध्ये काय भोगलं ते सगळं थेट सांगितलं. ते ऐकताना कार्यक्रमातले बाकीचे लोक गप्प झाले होते. माझ्या मते त्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची मिनिटं तीच, मॅचपेक्षाही.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत असते, पुढच्या उन्हाळ्यात जाणार आहोत. बर्मिंगहॅमला गेलो तर बॅरन्सची मॅच रिकवूडवर बघायला मिळेल का?

रिकवूडवर रोज नाही, काकू. टीम १९८७ नंतर तिथून हलली, १९८८ पासून शेजारच्या हूवरमध्ये होती (जॉर्डन तिथेच खेळला, रिकवूडवर नाही, हे बरेच जण चुकवतात), आणि २०१३ पासून शहराच्या मध्यभागी रीजन्स फील्डवर आहे. सीझन एप्रिल ते सप्टेंबर, त्यामुळे उन्हाळ्यात मॅच नक्की असणार, तिकीट मेजर लीगच्या मानाने बरंच स्वस्त. मॅच संध्याकाळची घ्या आणि दुपार निग्रो सदर्न लीग म्युझियमसाठी ठेवा, ते रीजन्स फील्डला लागूनच आहे, २०१५ मध्ये उघडलंय. रिकवूड शहराच्या पश्चिमेला, गाडीने थोडंच लांब. १९९२ पासून तिथल्या लोकांची एक संस्था ते मैदान सांभाळतेय, हाताने बदलायचा स्कोअरबोर्ड, जुन्या जाहिरातींच्या भिंती सगळं जपलंय. १९९६ पासून बॅरन्स तिथे जुन्या काळच्या युनिफॉर्ममध्ये रिकवूड क्लासिक नावाची मॅच खेळत आलेत, त्यामुळे निघण्याआधी त्या वर्षी ती आहे का आणि कधी, ते मुलीला बघायला सांगा, आणि असेल तर बाकीचा प्रवास त्या तारखेभोवती आखा.